आयकर रिटर्न स्वतः भरताना: नेहमी पडणारे प्रश्न, कामाच्या क्रमाने

पगारदार माणसाला पोर्टलवर रिटर्न भरायला फार तर तासभर लागतो. खरा वेळ जातो तो त्याआधी, कागद जमवण्यात आणि आकड्यांचा ताळमेळ घालण्यात. जून उजाडला की ओळखीपाळखीतून प्रश्न सुरू होतात. कर शून्य निघतोय, मग भरू कशाला? बँकेने टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरला जाणारा कर) कापलेलाच नाही, ते व्याज दाखवायचं का? पोर्टलवर सगळं आधीच भरून आलंय, नुसतं सबमिट केलं तर चालेल ना? या तिसऱ्या प्रश्नामुळेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात. पोर्टलवर आयते आलेले आकडे इतरांनी कळवलेले असतात: कंपनीने, बँकेने, ब्रोकरने. रिटर्नखालची सही मात्र तुमची असते, आणि चूक निघाली तर पत्रही तुमच्याच नावाने येतं.

पुढचे आकडे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या आर्थिक वर्षातल्या उत्पन्नाचे आहेत.

आधी वर्ष नीट ठरवा

या उत्पन्नाचं निर्धारण वर्ष २०२६-२७. दरवर्षी काही जण इथे अडखळतातच, पण यंदा गोंधळाला आणखी एक निमित्त आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि त्यात ‘निर्धारण वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलं. कर वर्ष २०२६-२७ म्हणजे एप्रिल २०२६ ते मार्च २०२७ मधली कमाई. निर्धारण वर्ष २०२६-२७ म्हणजे त्याच्या आदल्या वर्षाची कमाई. आकडे अगदी तेच, वर्षं वेगळी. तुम्ही आता जे रिटर्न भरताय त्याला १९६१ चाच कायदा लागू आहे, त्यामुळे ‘निर्धारण वर्ष २०२६-२७’ हेच निवडायचं. कर भरायचं चलन काढताना तर हे दोनदा पाहा. चुकीच्या वर्षात गेलेला पैसा बुडत नाही, पण तो योग्य जागी आणण्यात महिने जातात.

रिटर्न भरणं बंधनकारक आहे का?

‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ या बातमीचा अर्थ पुष्कळांनी ‘बारा लाखांपर्यंत रिटर्न नाही’ असा घेतला. तो चूक आहे. नव्या करप्रणालीत (दर कमी, पण वजावटी मोजक्याच) करमुक्त मर्यादा ४ लाखांची आहे. त्यापुढच्या उत्पन्नावर कर लागतो, आणि एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कलम ८७ए खाली ६०,००० रुपयांपर्यंतची सवलत मिळून तो शून्य होतो. ही सवलत रिटर्न भरूनच घ्यायची असते. म्हणजे ढोबळ उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की कर शून्य असला तरी रिटर्न भरायचं. जुन्या प्रणालीत ही मर्यादा साठीच्या आतल्यांना अडीच लाख आहे.

उत्पन्न त्याहून कमी असूनही काही जणांना रिटर्न भरावंच लागतं. वर्षभरात स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या परदेश प्रवासावर २ लाखांहून जास्त खर्च केलाय, विजेची बिलं १ लाखाच्या वर गेलीत, बचत खात्यांत मिळून ५० लाख किंवा जास्त जमा झालेत, किंवा टीडीएस आणि टीसीएस (काही खरेदी-खर्चांवर विक्रेत्याने वसूल केलेला कर) मिळून २५,००० (ज्येष्ठांसाठी ५०,०००) वा अधिक कापला गेलाय, असं काहीही असेल तर सूट नाही. आणि कापलेला टीडीएस परत हवा असेल तर रिटर्नला पर्यायच नाही.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या, फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज एवढंच उत्पन्न असलेल्या निवासी ज्येष्ठांना कलम १९४पी खाली मोकळीक आहे. ते बँकेत घोषणापत्र देतात, बँक कर कापते, आणि रिटर्न भरावं लागत नाही.

कागद जमवा आणि आकडे समोरासमोर ठेवा

पोर्टल उघडण्याआधी हाताशी हवं ते असं: फॉर्म १६ (कंपनीने दिलेला पगार-टीडीएसचा दाखला), फॉर्म २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टीडीएसचा उतारा), एआयएस (इतरांनी विभागाला कळवलेल्या तुमच्या व्यवहारांची यादी), सगळ्या बँकांची व्याजाची प्रमाणपत्रं, ब्रोकर आणि म्युच्युअल फंडाचा भांडवली नफ्याचा अहवाल, गृहकर्ज असेल तर व्याज-मुद्दलाचा दाखला.

घाई करून एप्रिल-मेमध्येच भरायचा मोह टाळा. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायला कंपन्यांना ३१ मेपर्यंत मुदत असते आणि फॉर्म १६ साठी १५ जूनपर्यंत. त्याआधी २६एएसमध्ये शेवटच्या तिमाहीचा टीडीएस दिसेलच असं नाही, आणि तिथे न दिसणारा टीडीएस रिटर्नमध्ये दाखवला की विभाग तो धरत नाही. साधारण २० जूननंतरचे तीन आठवडे उत्तम. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पोर्टल किती रखडतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

एआयएसची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो: पॅन लहान (स्मॉल) इंग्रजी अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकड्यांत, मध्ये जागा न सोडता.

आता ताळमेळ. फॉर्म १६ मधला पगार आणि टीडीएस २६एएसशी जुळतो का ते पाहा. नंतर एआयएस ओळीओळीने वाचा. इथे दोन गोष्टी हमखास गोंधळात टाकतात. म्युच्युअल फंडाची युनिट्स विकली की तिथे विक्रीची पूर्ण रक्कम दिसते. ती तुमचं उत्पन्न नव्हे; उत्पन्न म्हणजे त्यातला नफा. दुसरं, संयुक्त मुदत ठेवीचं सगळं व्याज बहुधा पहिल्या नावावर दिसतं, पैसे दुसऱ्याचे असले तरी. नोंद चुकीची, दुबार किंवा दुसऱ्याची असेल तर एआयएसमध्येच त्या ओळीसमोर अभिप्राय नोंदवायची सोय आहे. ती वापरा आणि रिटर्नमध्ये खरा आकडा भरा. एआयएसमध्ये आहे म्हणून चुकीची रक्कम मान्य करायची नसते. तसंच तिथे नाही म्हणून खरं उत्पन्न वगळायचंही नसतं.

व्याजाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेही पुष्कळ चुका होतात. १ एप्रिल २०२५ पासून बँका मुदत ठेवीच्या व्याजावर वर्षाला ५०,००० पर्यंत (ज्येष्ठांना १ लाखापर्यंत) टीडीएस कापत नाहीत. कापला नाही म्हणजे करमुक्त झालं असं मुळीच नाही. उलट कापला गेला असला तरी बँक १० टक्क्यांनीच कापते. तुमचा स्लॅब वरचा असेल तर फरक तुम्ही भरायचा. ठेव पाच वर्षांनी मुदत संपल्यावर एकरकमी मिळणार असेल तरी दरवर्षी साठत जाणारं व्याज त्या-त्या वर्षी दाखवणं सोयीचं, कारण बँक टीडीएस त्याच हिशेबाने दरवर्षी कापते. बचत खात्याच्या व्याजावरची १०,००० ची आणि ज्येष्ठांची ५०,००० ची वजावट (८०टीटीए, ८०टीटीबी) फक्त जुन्या प्रणालीत मिळते. नव्यात पूर्ण व्याज धरलं जातं.

बायकोच्या नावाने ठेव केली की व्याज तिचं, अशी एक लाडकी समजूत आहे. पैसे नवऱ्याने दिले असतील तर त्यावरचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवावं लागतं. तिच्या स्वतःच्या कमाईची किंवा माहेरून मिळालेल्या पैशांची ठेव असेल तर गोष्ट वेगळी.

मधेच नोकरी बदलली असेल तर

ही बाब स्वतंत्रपणे पाहायला हवी, कारण इथे भलामोठा कर अचानक समोर येतो. समजा, पहिल्या कंपनीत सहा महिन्यांत ६ लाख पगार झाला आणि दुसऱ्या कंपनीत उरलेल्या सहा महिन्यांत ८ लाख. नव्या कंपनीला आधीच्या पगाराची माहिती दिली नाही. पहिल्या कंपनीने ७५,००० ची प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम) धरली आणि उरलेल्या सव्वापाच लाखांवर ८७एच्या सवलतीने कर शून्य काढला. दुसरीनेही तेच केलं: सव्वासात लाख, कर शून्य. दोन्ही फॉर्म १६ वर टीडीएस शून्य, आणि माणूस खूश.

प्रत्यक्षात एकूण पगार १४ लाख. प्रमाणित वजावट एकदाच मिळते, म्हणून करपात्र उत्पन्न १३,२५,०००. नव्या प्रणालीत ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, ८ ते १२ लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,००० आणि वरच्या सव्वा लाखावर १५ टक्के म्हणजे १८,७५०. बेरीज ७८,७५०. त्यावर ४ टक्के उपकर धरून ८१,९००. उत्पन्न बारा लाखांच्या वर गेल्यामुळे ८७ए नाही. शिवाय आगाऊ कर (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर) भरला नाही म्हणून कलम २३४बी आणि २३४सी खालचं व्याज. जुलैमध्ये भरलात तर तेही ७,४०० च्या आसपास जातं.

नोकरी बदलताना नव्या कंपनीच्या एचआरला आधीच्या पगाराच्या माहितीचा फॉर्म (१९६१ च्या कायद्याखाली फॉर्म १२बी) भरून द्या, म्हणजे ते आधीचा पगार धरून टीडीएस कापतील. ते राहून गेलं असेल तर रिटर्नमध्ये दोन्ही कंपन्यांच्या नोंदी आहेत ना, एवढं तरी पाहा.

नवी प्रणाली की जुनी?

काहीच निवडलं नाही तर नवी धरली जाते. ज्यांना धंद्याचं किंवा व्यवसायाचं उत्पन्न नाही ते दरवर्षी रिटर्नमध्येच निवड बदलू शकतात, मग कंपनीला वर्षाच्या सुरुवातीला काहीही कळवलेलं असो. अट एकच: रिटर्न मुदतीत हवं. मुदत उलटली की जुन्या प्रणालीचा दरवाजा त्या वर्षापुरता बंद. व्यावसायिकांना जुनी हवी असेल तर फॉर्म १०-आयईए मुदतीत भरावा लागतो, आणि एकदा परत नव्यात गेल्यावर धंद्याचं उत्पन्न असेपर्यंत पुन्हा जुनीत येता येत नाही.

माझं मत विचाराल तर, घरभाडं भत्ता आणि गृहकर्ज दोन्ही नसलेल्या बहुतेकांनी जुन्या प्रणालीवर डोकं लढवण्यात आता अर्थ नाही. १५ लाख पगाराचं उदाहरण घ्या. नव्यात ७५,००० वजा जाता १४,२५,००० वर उपकरासह ९७,५०० कर. जुन्यात ५०,००० प्रमाणित, ८०सी चे (पीएफ, आयुर्विमा वगैरे बचतीचे) दीड लाख, आरोग्य विम्याचे २५,००० आणि गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख, असे सव्वाचार लाख वजा केले तरी उरतात १०,७५,०००, आणि कर येतो १,४०,४००. या पगाराला दोन्ही पारडी सारखी व्हायला जुन्यात प्रमाणित वजावटीसह सुमारे ५ लाख ९४ हजारांच्या वजावटी लागतात. मोठ्या शहरात भरभक्कम भाडं भरणाऱ्याला ते जमू शकतं. तेवढ्यांनी दोन्हीकडचा हिशेब जरूर करावा. पोर्टलवरच कॅलक्युलेटर आहे.

कंपनीला भाड्याच्या पावत्या द्यायच्या राहिल्या तरी जुन्या प्रणालीत रिटर्नमध्ये एचआरए (घरभाडं भत्ता) वरची सूट मागता येते. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो. आई-वडिलांना भाडं देत असाल तर तेही चालतं, फक्त पैसे खरोखर त्यांच्या खात्यात गेलेले हवेत आणि त्यांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवायला हवेत.

नव्या प्रणालीत काहीच वजावट नाही असं मात्र नाही. कंपनीने तुमच्या एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) भरलेली रक्कम पगाराच्या (मूळ अधिक महागाई भत्ता) १४ टक्क्यांपर्यंत वजा होते. आणि उत्पन्न बारा लाखांच्या किंचित वर गेलं तर घाबरू नका. १२,१०,००० असेल तर हिशेबाने कर ६१,५०० येतो, पण सीमांत सवलतीमुळे तो वरच्या १०,००० इतकाच राहतो, अधिक उपकर. हे गणित पोर्टल स्वतः करतं.

कोणता फॉर्म?

आयटीआर-१ (सहज) निवासी माणसासाठी. एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत हवं. पगार किंवा पेन्शन, घर, व्याज, ५,००० पर्यंत शेतीचं उत्पन्न, आणि नोंदणीकृत शेअर वा इक्विटी फंडातला १.२५ लाखांपर्यंतचा दीर्घकालीन नफा त्यात बसतो. तुम्ही एखाद्या कंपनीचे संचालक असाल, शेअर अल्पमुदतीत विकले असतील, घर-जमीन विकली असेल किंवा मागचा तोटा ओढायचा असेल तर आयटीआर-२. आयटीतल्या ज्यांना परदेशी मूळ कंपनीचे शेअर मिळालेत त्यांनाही आयटीआर-२ च, एकही शेअर विकला नसला तरी. त्यातला परदेशी मालमत्तेचा तक्ता कॅलेंडर वर्षाने भरायचा असतो, यंदा १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५. तो रिकामा सोडू नका. काळा पैसा कायद्याखालचा दंड १० लाखांचा आहे.

नोकरीसोबत फ्युचर्स-ऑप्शन्स किंवा इंट्राडे (शेअर त्याच दिवशी घेऊन विकणं) केलं असेल तर तो धंदा धरला जातो आणि आयटीआर-३ लागतो, तोटा झाला असला तरीही. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, तांत्रिक सल्लागार अशा ठरावीक व्यवसायांतले लोक ५० लाखांपर्यंतच्या जमेवर (रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत) निम्मी रक्कम नफा धरून आयटीआर-४ भरू शकतात. तिथे खर्चाच्या पावत्यांचा हिशेब लागत नाही.

शेअर-फंडातला नफा आणि ८७ए ची ठेच

नोंदणीकृत शेअर आणि इक्विटी फंड वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के. वर्षानंतर विकले तर १.२५ लाखांपर्यंत काही नाही, पुढे १२.५ टक्के. या खास दरांच्या करावर नव्या प्रणालीत ८७ए ची सवलत मिळत नाही. पगाराचं करपात्र उत्पन्न ११ लाख आणि अल्पकालीन नफा ६०,००० असेल तर एकूण बारा लाखांच्या आत असूनही १२,४८० भरावे लागतात. ‘माझं तर बारा लाखांच्या आत आहे, मग हा कर कुठून आला?’ असं विचारणारे बहुतेक इथे अडकलेले असतात.

तोटा झाला असेल तर तो दाखवाच, आणि मुदतीत. मुदतीत भरलेल्या रिटर्नमधलाच भांडवली तोटा पुढची आठ वर्षं वापरता येतो. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन फक्त दीर्घकालीन नफ्यातून.

आता पोर्टलवर

लॉगिन करून ‘ई-फाइल’मधून रिटर्न भरायला घ्या, निर्धारण वर्ष आणि फॉर्म निवडा. प्रत्येक भागातले आधी भरून आलेले आकडे तुमच्या कागदांशी ताडून मगच त्या भागाला होकार द्या. जुन्या प्रणालीत वजावटी मागताना आता विमा पॉलिसीचा क्रमांक, विमा कंपनीचं नाव, कर्ज देणाऱ्या बँकेचा तपशील असं बरंच विचारतात. पॉलिसीचे कागद शेजारी ठेवूनच बसा. बँक खात्यांच्या भागात वर्षभरात चालू असलेली सगळी खाती द्यायची, फक्त रिफंडचं नव्हे. रिफंडसाठी निवडलेलं खातं आधी पडताळून घ्या. पॅनवरचं नाव आणि खात्यावरचं नाव वेगळं असेल तर तिथेच गाडी अडते. लग्नानंतर बँकेत नाव बदललं पण पॅनवर नाही, हे त्यातलं नेहमीचं कारण. आधारशी न जोडलेल्या, निष्क्रिय पॅनवर रिफंड मिळत नाही.

कर निघत असेल तर ‘ई-पे टॅक्स’वर स्वयंनिर्धारण कर, कोड ३००, निवडून भरा. चलनावरचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), तारीख आणि चलन क्रमांक रिटर्नमध्ये आलाय ना ते पाहून मगच सबमिट करा.

यानंतरचं पाऊल विसरणारे दर मोसमात भेटतात: ई-पडताळणी. ३० दिवसांत आधार ओटीपीने, नेट बँकिंगने किंवा डिमॅट खात्यातून ती करा, नाहीतर सही केलेला आयटीआर-व्ही (पडताळणीचा छापील फॉर्म) आयकर विभागाच्या बेंगळुरूच्या केंद्राला तेवढ्या मुदतीत पोहोचेल असा स्पीड पोस्टाने पाठवा. उशीर झाला तर पडताळणीची तारीख हीच रिटर्न भरल्याची तारीख धरतात, आणि ती मुदतीच्या पलीकडे गेली तर विलंब शुल्क लागतं. आयटीआर-१ आणि २ साठी मुदत ३१ जुलै. त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत ५,००० शुल्क भरून (उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००) रिटर्न भरता येतं, थकलेल्या करावर महिना १ टक्का व्याज वेगळं. तेही हुकलं तर अद्ययावत रिटर्न, निर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत. पण त्यात उशिराच्या प्रमाणात करावर २५ ते ७० टक्के जादा भरावे लागतात आणि रिफंड मागता येत नाही.

‘जास्त रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे’ असं म्हणणाऱ्या एजंटापासून चार हात लांब राहा. कधीच न दिलेली राजकीय देणगी, नसलेलं आजारपण, न काढलेला विमा दाखवून हे रिफंड काढले जातात. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने याच प्रकरणांसाठी देशभर तपासणी केली. उत्पन्न चुकीचं दाखवल्याचा दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट असतो आणि तो एजंटाला नव्हे, तुम्हाला लागतो.

विभागाकडून मेल आला की

रिटर्नवर प्रक्रिया झाली की कलम १४३(१) ची सूचना येते. ती पाहून अनेकांच्या पोटात गोळा येतो, पण ती सगळ्यांनाच येते. एका रकान्यात तुम्ही भरलेला आकडा, शेजारच्यात विभागाने काढलेला. दोन्ही सारखे असतील तर विषय संपला. कलम १३९(९) ची सूचना असेल तर रिटर्नमध्ये त्रुटी आहे, ती १५ दिवसांत दुरुस्त करून द्यायची. मेलमधल्या लिंकवर टिचकी मारण्यापेक्षा पोर्टलवर लॉगिन करून तिथे तीच सूचना दिसते का ते पाहा. नोटिशीवरचा डीआयएन (विभागाच्या प्रत्येक पत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक)ही पोर्टलवर तपासता येतो.

तुम्हीच काही विसरला असाल, एखाद्या खात्याचं व्याज राहिलं असेल, तर सुधारित रिटर्न भरा. तुमचं रिटर्न बरोबर आणि विभागाच्या हिशेबात टीडीएस किंवा चलन धरायचं राहिलं असेल तर कलम १५४ खाली दुरुस्तीची विनंती करा. करमागणी मान्य नसेल तर ‘थकीत मागणीला प्रतिसाद’ या भागात असहमती नोंदवून कारण द्या. गप्प बसलात तर ती रक्कम पुढच्या वर्षीच्या रिफंडमधून परस्पर वळती होऊ शकते.